पगारजप्तीची दरखास्त: किती कापता येतं, कुणाकडून, आणि २४ महिन्यांनंतर काय? (कोल्हापूर जिल्हा)

करवीरकाठ

हुकूमनाम्याची नक्कल हातात आली म्हणजे पैसे हातात आले असं नाही. प्रतिवादीनं रक्कम भरली नाही तर कोर्ट आपण होऊन त्याच्या मागं लागत नाही, दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज, आपल्यालाच लावावी लागते. समोरचा नोकरदार असला की कसबा बावड्याच्या कोर्टाच्या आवारात पहिला सल्ला मिळतो, "पगार जप्त करा." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पगारजप्तीच्या दरखास्ती रखडतात त्या बहुतेक अर्जातल्या चुकांमुळं, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

मुदत: पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांच्या आत (मुदतीचा कायदा १९६३, अनुच्छेद १३६). पण हुकूमनाम्याला २ वर्षं उलटून गेली असतील तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ रूल २२ ची (पुढं नुसतं "रूल" येईल ते याच ऑर्डरचे) कारणे दाखवा नोटीस आधी काढावी लागते. ती न काढता थेट जप्ती मागितली की समोरचा वकील तेवढ्यावरच अडवतो आणि तीन-चार तारखा फुकट जातात.

किती कापता येतं: दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. पोटगी सोडून इतर कुठल्याही हुकूमनाम्यात पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून मुक्त. म्हणजे जप्त होतो तो हजार वजा केल्यानंतरचा एक तृतीयांश. एकूण पगार ४६,००० असेल तर ४६,००० वजा १,००० = ४५,०००, त्याचा तिसरा हिस्सा १५,०००. कित्येक अर्जांत सरळ "पगाराचा १/३" लिहिलेलं असतं. फरक तीन-चारशे रुपयांचाच पडतो, पण त्यावर हरकत येते आणि आदेश दुरुस्त होईपर्यंत दोन महिने जातात. जुन्या पुस्तकांत "पहिले ४०० रुपये" छापलेलं आहे. १ जुलै २००२ पासून ते १,००० झालं.

दरखास्तीचा नमुना रूल ११(२) प्रमाणं दहा रकान्यांचा: दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, आतापर्यंत काही वसूल किंवा तडजोड झाली का, आधीच्या दरखास्ती आणि त्यांचं काय झालं, व्याजासह येणं, दाव्याचा खर्च, कुणाविरुद्ध, आणि शेवटचा रकाना कोर्टाची मदत कशी हवी. या शेवटच्या रकान्यात नुसतं "पगार जप्त करून मिळावा" लिहू नका. ऋणकोचं (ज्याच्याकडून पैसे येणं आहे त्याचं) पदनाम, कार्यालय, कर्मचारी क्रमांक माहीत असेल तर तो, पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि पूर्ण पत्ता, आणि दरमहा मागितलेली रक्कम आकड्यात लिहा.

---

पगारपत्रक

चांगला विषय काढलात. पगार काढणाऱ्याच्या टेबलावरून दिसणारी बाजू सांगतो, कारण निम्मे आदेश तिथंच अडकतात.

आदेशावर "कार्यालय प्रमुख" किंवा "मा. मॅनेजर साहेब" एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद आवक-जावकला पडून राहतो. सरकारी कार्यालयात आदेश आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या पदनामानं गेला पाहिजे. त्याच्याच सहीनं सेवार्थमध्ये (सरकारी पगाराच्या संगणक प्रणालीत) पगार बिल निघतं. माणूस पंचायत समितीत बसतो म्हणून पंचायत समितीचा पत्ता टाकला आणि बिल निघतंय दुसऱ्याच कार्यालयातून, असं फार होतं. अर्ज देण्याआधी त्याच्या पगारपत्रकाच्या डोक्यावर कुठल्या कार्यालयाचं नाव आहे ते बघा.

दुसरं, रक्कम कशावर मोजायची. कलम ६० मध्ये पगार म्हणजे महिन्याचं एकूण वेतन, कामावर असताना असो की रजेवर. हातात पडणारी रक्कम नव्हे. ऋणको सांगतो, "साहेब, माझ्या हातात १९ हजारच येतात, त्यातनं काय कापणार?" त्याच्या पगारपत्रकात घरकर्ज, पतसंस्थेचा हप्ता, विम्याचा हप्ता असं सगळं कटिंग असतं. ही देणी त्याची त्यानं पत्करलेली आहेत, जप्तीच्या हिशेबात ती आधी वजा होत नाहीत.

वगळायचे ते फक्त सरकारनं अधिसूचनेनं मुक्त केलेले भत्ते. केंद्र सरकारच्या नोकरांना प्रवासभत्ता, घरभाडेभत्ता, महागाईभत्ता असे भत्ते वगळलेले आहेत, त्यामुळं पोस्टातल्या माणसाचा आकडा आपण बाहेरून काढतो त्यापेक्षा बराच खाली येतो. उलट त्यांच्याकडं भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी आणि आयकर हे जप्त न होणाऱ्या भागातून कापायचे असा नियम आहे. म्हणजे जप्त होणाऱ्या भागाला त्याचा धक्का लागत नाही.

तिसरं, बदली. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकराची बदली झाली तर जप्ती संपत नाही. त्याच्या अंतिम वेतन प्रमाणपत्रावर, म्हणजे एलपीसीवर, "न्यायालयीन वसुली दरमहा इतकी, शिल्लक इतकी" ही नोंद आली पाहिजे. ती राहिली की नव्या कार्यालयात पगार पूर्ण निघतो. बदली कळली की त्याच आठवड्यात दरखास्तीच्या नंबरासह नव्या कार्यालयाला आदेशाची नक्कल द्या आणि कोर्टातही तसा अर्ज द्या.

---

मोल्डिंगशॉप

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या माणसांचं काय? तिथं कुणी स्टाफवर असतो, कुणी परमनंट कामगार, कुणी ठेकेदाराकडं. सगळ्यांना हाच १/३ चा हिशेब लागतो का?

---

निशाणी_पाच

मोल्डिंगशॉप, नाही लागत. कोल्हापुरात सगळ्यात जास्त दरखास्ती इथंच फसतात म्हणून सविस्तर लिहितो.

कलम ६० च्या परंतुकात दोन वेगळी कलमं आहेत. (ज) म्हणजे मजूर आणि घरगुती नोकर यांची मजुरी: ती पूर्ण मुक्त, एक रुपयाही जप्त होत नाही. (झ) म्हणजे पगार: त्याला हजार वजा, मग १/३. मजुराच्या व्याख्येत कुशल, अकुशल आणि अर्धकुशल तिन्ही येतात आणि मजुरीत बोनसही येतो. म्हणजे फाउंड्रीत साचे भरणारा मोल्डर, फर्नेसवरचा माणूस, फेटलिंगवाला, मशीन शॉपमधला टर्नर यांची मजुरी तुम्हाला जप्त करता येत नाही, मग ती महिन्याला ३० हजार का असेना. इचलकरंजीच्या मागावरचा कामगारही यातच. त्याच कारखान्यातला अकौंटंट, स्टोअरकीपर, क्वालिटीचा इंजिनिअर, पर्चेसवाला हे पगारदार.

मधले वादाचे असतात. सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज असं नाव पण हातानं काम करतो, तर ऋणको "मी मजूर आहे" अशी हरकत घेणार. नेमणूकपत्रात पदनाम काय, कामाचं स्वरूप काय, हाताखाली माणसं किती, हे कागद आधीच मागवा. माझं स्पष्ट मत: अंगमेहनतीनं पोट भरणाऱ्याची मजुरी मुक्त ठेवली ते योग्यच आहे. वकिलानं अशा माणसावर पगारजप्ती लावून पक्षकाराला आशेवर ठेवू नये.

आता रूल. इथं करवीरकाठ यांनी एक गोष्ट सोडली. रूल ४८ सरकार, रेल्वे आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नोकरांसाठी आहे: कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, महापालिका, ग्रामपंचायत. यात पगार काढणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असो वा नसो, आदेश करता येतो. बाकी सगळे, म्हणजे खाजगी कंपनी, बँक, साखर कारखाना, एसटी, महावितरण हे रूल ४८-अ खाली येतात, आणि तिथं पगार वाटणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असायलाच हवा. माणूस कागलच्या पंचतारांकित वसाहतीत काम करतो, पण पगार पुण्याच्या मुख्य कार्यालयातून होतो, तर कोल्हापूरच्या कोर्टाचा आदेश तिथं चालत नाही. कलम ३९ खाली हुकूमनामा पुण्याच्या कोर्टाकडं वर्ग करून घ्यावा लागतो. रूल ६ प्रमाणं हुकूमनाम्याची नक्कल, किती वसूल झालं आणि किती बाकी याचा दाखला, आणि आधी बजावणीचा काही आदेश झाला असेल तर त्याची नक्कल, हे तीन कागद कोर्टाकडून पाठवले गेले पाहिजेत. एक कमी असला तर तिकडचं कोर्ट परत पाठवतं.

शिरोलीबाबत आणखी एक. पुलाची शिरोली पूल ओलांडला की आलीच, म्हणून लोक ती कोल्हापुरात धरतात. ती हातकणंगले तालुक्यात आहे. गोकुळ शिरगाव करवीर तालुक्यात. दरखास्त लावण्याआधी त्या पत्त्यावर कुठल्या कोर्टाची हद्द चालते ते बघूनच अर्ज करा.

---

करवीरकाठ

निशाणी_पाच, बरोबर, ४८ आणि ४८-अ मधला फरक लिहायचा राहिला. खाजगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचं मात्र थोडं वेगळं: मालक शिक्षण संस्था, पैसा सरकारी, बिल मुख्याध्यापक शालार्थमध्ये (शाळांच्या पगाराच्या प्रणालीत) भरणार आणि ते पुढं वेतन पथकाकडं जाणार. तिथं अर्जात दोन्ही रूल लिहावेत आणि आदेशाची प्रत मुख्याध्यापक आणि वेतन पथकाचे अधीक्षक दोघांनाही जावी अशी विनंती करावी. एकालाच गेली तर दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

२४ महिन्यांवर कुणीच आलं नाही अजून. सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

कलम ६० म्हणतं: पगाराच्या जप्त होण्याजोग्या भागापैकी कुठलाही हिस्सा सलग किंवा तुटक मिळून एकूण २४ महिने जप्तीत राहिला की पुढचे १२ महिने तो भाग मुक्त. आणि ती जप्ती एकाच हुकूमनाम्यासाठी असेल, तर २४ महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मुक्त. म्हणजे तुमच्या हुकूमनाम्याला या माणसाच्या पगारातून आयुष्यात २४ हप्तेच मिळणार, पंचविसावा नाही.

"कुठलाही हिस्सा" हे शब्द नीट वाचा. ऋणको कोर्टात हात जोडतो, मुलांची शिक्षणं आहेत, आईचं औषधपाणी आहे, १५ हजारांऐवजी ५ हजार कापा. दरखास्तदार दया येऊन, किंवा वकिलानं "मिळतंय ते घ्या" म्हटल्यामुळं, हो म्हणतो. पण ५ हजार कापले तरी महिना मोजला जातोच. आकडे मांडून बघा. मुद्दल ४,००,०००, व्याज द.सा.द.शे. ६, पगार ४६,०००.

१५,००० चा हप्ता: पहिल्या महिन्यात २,००० व्याजाला, १३,००० मुद्दलाला. असं करत २४ महिन्यांत ३,६०,००० येतात आणि बाकी राहते सुमारे ६९ हजार.

५,००० चा हप्ता: पहिल्या महिन्यात २,००० व्याजाला, ३,००० मुद्दलाला. २४ महिन्यांत १,२०,००० येतात आणि बाकी राहते सुमारे ३ लाख २४ हजार. आणि पगाराचं दार बंद.

हुकूमनाम्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंतचं व्याज आणि दाव्याचा खर्च यात धरलेला नाही, तो वर. जमा रक्कम अपुरी असली की ती आधी व्याज आणि खर्चाला, मग मुद्दलाला, या क्रमानं जाते. म्हणून हप्ता लहान असला की मुद्दल जागचं हलत नाही.

समोरच्याची अडचण खरी असेल आणि सवलत द्यायचीच असेल तर ती जप्तीच्या आदेशात देऊ नका. कोर्टात तडजोड पुरसिस (लेखी निवेदन) द्या: दरमहा इतकी रक्कम तो स्वतः भरेल, दोन हप्ते चुकले तर उरलेल्या सगळ्या रकमेसाठी पूर्ण १/३ जप्तीचा आदेश व्हावा. पगार जप्तीतच नसेल तर २४ महिन्यांची मोजणी सुरूच होत नाही.

---

पगारपत्रक

याला जोडून: आधीची जप्ती चालू असेल तर नवा आदेश आल्यावर आम्ही दुसरी कपात करू शकत नाही. आधीच्या जप्तीचा सगळा तपशील (कुठलं कोर्ट, कुठला नंबर, दरमहा किती, बाकी किती) लिहून नवा आदेश त्या कोर्टाला परत करायचा, असा ४८ आणि ४८-अ दोन्हींत नियम आहे. हे परत आलेलं पत्र रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारखांच्या नोंदीत) पडून राहतं आणि दरखास्तदाराला वाटतं कार्यालय दाद देत नाही. म्हणून आदेश बजावल्यावर महिनाभरात फाइल बघा.

---

निशाणी_पाच

आणि तसं परत आलं तर हातावर हात धरून बसू नका. ज्या कोर्टात आधीच्या जप्तीचे पैसे जमा होतात, त्याच कोर्टात तुमचीही दरखास्त असेल आणि ती पैसे येण्याआधी दाखल असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७३ खाली हिश्शेराशीनं (ज्याच्या त्याच्या येण्याच्या प्रमाणात) वाटप मागता येतं. दरखास्त दुसऱ्या कोर्टात असेल तर हुकूमनामा तिकडं वर्ग करून घ्या. पैसे जमा झाल्यानंतर अर्ज देणाऱ्याला त्या रकमेत हिस्सा नाही, इथं एकेक दिवस मोलाचा असतो.

---

गडहिंग्लजकर

आमच्याकडं नोकरदार म्हटला की त्याच्या पगारातून सेवक पतसंस्थेची कपात असतेच. पतसंस्थेची वसुली आणि कोर्टाची जप्ती एकत्र आल्यावर काय करायचं? आणि पतसंस्थेलाही हेच २४ महिने लागतात का?

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

गडहिंग्लजकर साहेब, दोन्ही वाटा वेगळ्या आहेत.

पतसंस्थेची कपात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ वर चालते. सभासदानं कर्ज घेतानाच "माझ्या पगारातून कापून द्या" असं लिहून दिलेलं असतं आणि संस्थेनं मागणी केली की मालकानं कापायचं. तिथं कोर्टाचा हुकूमनामा लागत नाही, त्यामुळं त्या कपातीचा २४ महिन्यांशी संबंध नाही. थकबाकी झाली तर संस्था कलम १०१ खाली वसुली दाखला घेते आणि विशेष वसुली अधिकारी सहकारी संस्था नियमांतल्या रूल १०७ नं पुढं जातो.

कोर्टाचा आदेश आला की मालकावर दोन्ही जबाबदाऱ्या येतात. जप्तीचा आकडा एकूण पगारावरच मोजायचा, पतसंस्थेचा हप्ता आधी काढून घेऊन नव्हे. वेतन संहितेत सगळी कपात मिळून पगाराच्या ५० टक्क्यांपुढं जाता येत नाही. दोन्ही मिळून ती मर्यादा ओलांडत असेल तर मालकानं आपल्या मनानं एकाला डावलू नये, कोर्टाला लेखी कळवून सूचना घ्यावी. आदेशाविरुद्ध ऋणकोला पैसे देऊन टाकले तर तेवढ्या रकमेला मालक स्वतः जबाबदार होतो. आदेश पोचल्याची तारीख आणि त्यानंतरचं पगारपत्रक जोडून अर्ज दिला की ही रक्कम मालकाकडून मागता येते.

अजून एक. सावकारी छापाच्या करारनाम्यांत "पूर्ण पगार कापण्यास माझी संमती आहे, कायद्यातील सवलत मी सोडतो" असं वाक्य असतं. कलम ६०(१अ) नं असला करार रद्दबातल आहे. त्याच्या आधारावर जास्त मागू नका.

---

नाझरखिडकी

पैसे कापले गेले तरी दरखास्तदाराच्या हातात का येत नाहीत ते लिहितो.

कार्यालयाकडून रक्कम कोर्टात येते आणि दिवाणी ठेवीत, ज्याला सगळे सीसीडी म्हणतात, जमा होते. डीडी किंवा भरण्याच्या पत्रावर दरखास्तीचा नंबर, वर्ष आणि पक्षकारांची नावं नसली की रक्कम कुठल्या प्रकरणाची हे लागत नाही आणि ती नुसती पडून राहते. त्यामुळं आदेशाच्या मसुद्यातच एक ओळ घाला: "रक्कम पाठवताना नियमित दरखास्त क्र. अमुक / वर्ष, उभय पक्षकारांची नावे व कोणत्या महिन्याच्या वेतनातील कपात हे नमूद करावे." या एका ओळीनं पुढचे कित्येक हेलपाटे वाचतात.

पैसे आपोआप तुमच्या खात्यात येत नाहीत. रक्कम उचलण्याचा अर्ज द्यावा लागतो, नाझराचा (कोर्टाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्याचा) अहवाल येतो, मग आदेश, मग रक्कम. अर्जासोबत ओळखपत्र आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लावा. दर महिन्याला अर्ज करण्यापेक्षा तीन-चार हप्ते जमले की एकदम करणं सोयीचं, पण पहिल्या हप्त्याचा अर्ज लगेच द्या; नंबर किंवा नावात काही चूक असेल तर ती तिथंच कळते.

भत्ता, म्हणजे कागद बजावण्याची प्रोसेस फी: आदेश झाला पण ही फी भरली नाही, तर बेलिफाकडं कागद जातच नाही. रोजनाम्यात तारखेमागून तारीख पडत राहते आणि शेवटी दरखास्त गैरहजेरीत निकाली निघते. तसं झालं तर ३० दिवसांत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो. ते हुकलं तर १२ वर्षांच्या आत नवी दरखास्त लावता येते. पण मधल्या काळात जप्ती उठते हे लक्षात ठेवा. दरखास्त निकाली काढताना जप्ती चालू राहील असं कोर्टानं लिहिलं नाही तर ती संपली असंच धरलं जातं (रूल ५७).

बाहेर घेतलेले पैसे: ऋणकोनं हातात रोख दिले किंवा फोनवरून पाठवले तर पुरसिस देऊन कोर्टात नोंद करा. रूल २ प्रमाणं नोंद नसलेला भरणा बजावणीचं कोर्ट धरत नाही. ऋणको असाल तर तुम्हाला ही नोंद करून घ्यायला भरणा केल्यापासून ३० दिवसच आहेत. पावती खिशात ठेवून गप्प बसलेल्या माणसाला तीच रक्कम दोनदा भरावी लागू शकते, म्हणून हे दोन्ही बाजूंसाठी लिहितोय.

---

अंबाईटँक

पोटगीच्या वसुलीलाही हाच हिशेब का? नवरा महापालिकेत नोकरीला आहे, हुकूम झाला आहे, पण पैसे येत नाहीत, अशा बायकांसाठी विचारते आहे.

---

निशाणी_पाच

नाही ताई, तिथं कायदा बाईच्या बाजूनं जास्त उभा आहे. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश मुक्त. दोन तृतीयांशांपर्यंत जप्ती होऊ शकते. ४६,००० पगारावर ३०,६६७ पर्यंत. पहिल्या हजाराची सूट नाही आणि २४ महिन्यांची मर्यादाही नाही, कारण ती मर्यादा फक्त इतर हुकूमनाम्यांच्या कलमाला जोडलेली आहे.

फौजदारी बाजूनं मिळालेली पोटगी (पूर्वीचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४) थकली तरी ती दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं आहे. आणि प्रकरण कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली असेल तर कलम २०(६) वापरा: नवऱ्यानं आदेश पाळला नाही तर मॅजिस्ट्रेट थेट त्याच्या मालकाला सांगू शकतात की पगारातला इतका हिस्सा बाईला द्या किंवा कोर्टात भरा. महापालिकेतला नोकर असेल तर पगार काढणारा अधिकारी इथंच आहे, पळवाट कमी. अर्जात थकलेल्या महिन्यांचा तक्ता लावा: महिना, देय, मिळालेली रक्कम, बाकी. नुसतं "पोटगी दिली नाही" एवढंच लिहिलं की आदेशात आकडा घालता येत नाही.

---

मोल्डिंगशॉप

मग ज्याची मजुरी मुक्त आहे, किंवा ज्याचे २४ महिने संपले, त्याच्याकडून घ्यायचं कसं? पेन्शन, पीएफ?

---

करवीरकाठ

त्याला हात लागत नाही. सरकारी पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी जप्तीतून मुक्त आहेत. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवली तरी तिचं स्वरूप बदलत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं राधेश्याम गुप्ता प्रकरणात धरलं आहे. म्हणून ऋणकोच्या निवृत्तीची तारीख दरखास्त लावण्याआधी काढा. १४ महिने नोकरी उरली असेल तर २४ नव्हे, १४ च हप्ते मिळणार, आणि त्यानुसार दुसरी मिळकत आजच शोधायला लागा.

ती शोधायची रीत रूल ४१. हुकूमनामा ३० दिवस अनफेड राहिला की ऋणकोनं आपल्या मिळकतीचं शपथपत्र द्यावं असा अर्ज करता येतो. आदेश मोडला तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. माझा आग्रह आहे की हा अर्ज पगारजप्तीच्या अर्जासोबत पहिल्याच दिवशी द्यावा. लोक २४ महिने संपायची वाट बघतात आणि तेवढ्यात जमीन भावाच्या नावावर गेलेली असते.

आपल्या जिल्ह्यात पगारदार माणसाचंही शेत असतं. ऊस कारखान्याला घातला की बिल कारखान्याकडं देणं होतं. ते पगार नव्हे, येणं आहे, आणि त्याला रूल ४६-अ ची गार्निशी नोटीस लागते: कारखान्याला कोर्ट सांगतं, याचं तुमच्याकडं जे देणं निघतं ते कोर्टात भरा किंवा का भरत नाही ते सांगा. दूध संस्थेकडच्या बिलालाही तीच रीत. इथं दोन अडचणी येतात. एक, सेवा सोसायटीच्या पीककर्जाचा त्या पिकावर पहिला बोजा असतो. सोसायटीची कपात होऊन उरेल तेच तुमचं. दोन, वेळ. बिल एकदा ऋणकोच्या खात्यात गेलं की कारखान्याकडं देणं उरत नाही आणि नोटीस पोकळ ठरते. म्हणून गळीत सुरू होण्याआधी अर्ज तयार हवा, त्यात सभासद क्रमांक, गाव, गट नंबर हवा.

शेतकऱ्याचं राहतं घर, नांगर-अवजारं, बैल मुक्त आहेत, बाईचं मंगळसूत्रही. जमीन मुक्त नाही. सातबारा काढा, रूल ५४ खाली जप्ती लावा आणि तलाठ्याकडं इतर हक्कांत नोंद झाली का ते फेरफार बघून खात्री करा.

जामीनदार विसरू नका. हुकूमनामा सगळ्या प्रतिवादींवर एकत्रित आणि स्वतंत्र असेल तर मजुराची मजुरी मुक्त असली तरी त्याच्या जामीनदार शिक्षकाचा पगार जप्त होऊ शकतो. ती जप्ती पूर्ण रकमेसाठी मागता येते, अर्ध्याच्या बंधनात राहायची गरज नाही.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

दिरंगाईबद्दल एक. दरखास्त दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत निकाली काढावी, नाही तर लेखी कारण द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलं आहे. तारखा लांबत असतील तर या निकालाचा हवाला देऊन लवकर सुनावणीचा अर्ज द्या. आणि दरखास्तीतल्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर आता मुंबईची वाट धरावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोर सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिच्याकडं आहेत.

---

पगारपत्रक

शेवटी एक विनंती, पगार काढणाऱ्यांच्या वतीनं. आदेश बजावला की कार्यालयाकडं एक साधा तक्ता द्या: महिना, एकूण पगार, कपात, कोर्टात भरल्याचा दिनांक आणि क्रमांक, मोजलेले महिने. तोच तक्ता तुम्हीही घरी ठेवा. बाराव्या महिन्यात दोन्ही तक्ते जुळवून बघा. एखादा महिना कपात राहिली असेल तर ती तेव्हाच उघड होते आणि लगेच अर्ज देता येतो. दोन वर्षांनी आठवलं तर तोवर पगार लिपिक बदललेला असतो आणि जुनं बिल शोधायला कुणी बसत नाही.